रोज बारा डिस्क

२६ सप्टेंबर २०२५. दक्षिण कोरियातलं देजॉन शहर. तिथल्या सरकारी डेटा सेंटरच्या पाचव्या मजल्यावर यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलवायचं काम चालू होतं आणि त्यातली एक पेटली. या बॅटऱ्यांची आग लवकर आटोक्यात येत नाही, कारण उष्णता बॅटरीच्या आतच तयार होत राहते. एक पेटली की शेजारची तापते, मग तीही पेट घेते. आग पूर्ण विझायला जवळजवळ २२ तास लागले. ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या. पोस्टाचे व्यवहार, मोबाइलवरचं ओळखपत्र, अशा रोजच्या कितीतरी गोष्टी अडल्या. बहुतेक सेवा पुढे टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. पण जी-ड्राइव्हमधलं जे गेलं, ते गेलंच.

जी-ड्राइव्ह म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांसाठीची सामायिक साठवण. कामाची कागदपत्रं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, इथे ठेवा, अशी सूचना २०१८ मध्ये निघाली होती. माणशी ३० जीबी जागा मिळायची. सव्वा लाखाच्या आसपास कर्मचारी ती वापरत होते आणि ८५८ टेराबाइट मजकूर तिथे साठला होता. त्याची दुसरी प्रत इमारतीबाहेर कुठेही नव्हती. साठा फार मोठा असल्यामुळे बाहेर बॅकअप ठेवलेला नव्हता, असा खुलासा झाला. मंजूर झालेली अधिकृत कागदपत्रं आणखी एका प्रणालीत जात, तेवढी परत मिळण्याजोगी होती. मंजुरीच्या आधीचे मसुदे, टिपणं, आकडेमोड, म्हणजे प्रत्यक्ष काम जिथे होतं ते सगळं जळालं.

८५८ टेराबाइट हा आकडा मी वहीत मांडून पाहिला. २० टेराबाइटची डिस्क आज सर्रास मिळते. म्हणजे झाल्या ४३ डिस्क. साठ डिस्क मावणारी पेटी सात इंच उंचीची असते. एवढ्या कर्मचाऱ्यांचं सात वर्षांचं काम एका पेटीत मावत होतं, आणि तशी दुसरी पेटी दुसऱ्या गावात ठेवलेली नव्हती. हे वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

मोबाइलवर काढलेला फोटो, बँकेतली नोंद, २०१८ पासून महाराष्ट्रात मिळू लागलेला डिजिटल सहीचा सातबारा, या अंकाची छपाईला गेलेली फाइल, सगळं शेवटी कुठल्या तरी इमारतीतल्या कुठल्या तरी डिस्कवर जाऊन बसतं. ती डिस्क मरणार असते. कधी ते सांगता येत नाही, पण मरणार हे नक्की. क्लाउडची सगळी बांधणी या गृहीतावर उभी आहे. ज्यांनी ती उभारली त्यांना फार लवकर कळलं होतं, की साठवण ही एकदा विकत घेऊन कपाटात ठेवायची वस्तू नव्हे, ते रोज करायचं काम आहे. ज्या दिवशी ते थांबतं त्या दिवसापासून मजकूर जायला लागतो. त्या कामाविषयी, आणि ते करणाऱ्या यंत्रांविषयी मला लिहायचं आहे.

*

मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका जिन्याखालच्या दुकानात बिघडलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा काढून देतात. दुकानदारांनी एक डिस्क आधी कानाशी धरून ऐकवली. टक्, टक्, टक्, जरा थांबून परत टक्. “हेड गेलंय,” ते म्हणाले. “वाचायला जातंय, जागा सापडत नाही, परत घरी येतंय.” मग चांदणीच्या टोकाचे स्क्रू निघाले, लेबलाखाली दडलेला एक स्क्रू निघाला आणि झाकण उचललं गेलं. आत आरशासारख्या लखलखीत तबकड्या, एकीवर एक. बाजूला तिकोनी हात, त्याच्या टोकाला तिळाहून लहान हेड. हाताच्या दुसऱ्या बाजूला तांब्याच्या तारेचं वेटोळं दोन चुंबकांमध्ये बसवलेलं. स्क्रू-ड्रायव्हर जवळ नेला की हातातून ओढला जाईल इतका जोर त्या चुंबकांना. वरच्या तबकडीवर केसासारखी बारीक गोल रेघ उमटली होती. “इथे घासलंय. एवढ्या पट्ट्यातलं आता कुणालाच काढता येणार नाही.” बाकीचं काढायचं तर अगदी त्याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधून तिचं हेड इथे बसवायचं. त्यासाठी जुन्या डिस्कनी भरलेले खण त्यांनी भिंतभर जमवलेत. या धंद्यात अशा डिस्कला डोनर म्हणतात.

तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. साडेतीन इंची डिस्कमध्ये तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने हेडखालून धावत असते आणि हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. हेडला तरंगत ठेवतो तो फिरत्या तबकडीबरोबर ओढला जाणारा हवेचा पातळ थर. धुळीचा एक कण मध्ये आला तरी ती रेघ उमटते. २०१३ पासून मोठ्या डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरून त्या सीलबंद करायला सुरुवात झाली. हेलियम हवेच्या एक सप्तमांश घनतेचा. त्यात तबकड्या कमी थरथरतात, मोटरला वीज कमी लागते, तबकड्या आणखी पातळ करता येतात आणि त्याच उंचीत दहा बसतात. २०२४ मध्ये सीगेटने लेसर वापरणाऱ्या ३० टेराबाइटच्या डिस्क बाजारात आणल्या. लिहिताना तबकडीवरचा सूक्ष्म ठिपका लेसरने क्षणभर चारशे अंशांच्या वर तापवला जातो आणि लगेच थंड होतो. हे सगळं पाऊण किलोहून कमी वजनाच्या पेटीत, पाच-पाच वर्षं, न थांबता चालतं. माणसाने घडवलेल्या इतक्या नाजूक आणि तरी इतक्या स्वस्त वस्तू फार थोड्या असतील.

हा प्रवास सुरू झाला १९५६ मध्ये. आयबीएमच्या रामॅक यंत्रातल्या पहिल्या डिस्कला २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि त्यात ५० लाख अक्षरं मावत. तेव्हापासून क्षमता लाखो पटींनी वाढली. वेग त्या मानाने जेमतेम वाढला. हात हलून जागेवर यायला आजही सरासरी आठेक मिलिसेकंद लागतात आणि मोठी डिस्क सेकंदाला अडीचशे मेगाबाइटच्या आसपास वाचते. म्हणजे २० टेराबाइटची डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नुसती वाचायची तर २२ तास. भांडं प्रचंड झालं, तोंड तेवढंच राहिलं. मोठ्या प्रमाणावर साठवण करणाऱ्यांची बहुतेक डोकेदुखी इथूनच सुरू होते.

*

कारखानदार डिस्कच्या माहितीपत्रकावर २५ लाख तास असा काहीसा आकडा छापतात. त्याची वर्षं केली तर २८५ होतात. इतकी वर्षं एकही डिस्क चालणार नाही. तो आकडा आहे सरासरीचा: पुष्कळ डिस्क एकदम चालवल्या तर बिघाड किती अंतराने यावेत याचा अंदाज. तो तरी खरा ठरतो का? बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकाप्रमाणे वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के सर्रास आणि काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत बदलाव्या लागत होत्या. त्याच वर्षी गुगलच्या अभियंत्यांनी आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा हिशोब मांडला. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या काही खुणा नोंदवत असते. मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी त्यातली एकही ठळक खूण मरणाआधी दाखवली नव्हती.

बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी २०१३ पासूनच्या आपल्या प्रत्येक डिस्कच्या रोजच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवते. या व्यवसायात एवढा मोकळेपणा दुर्मीळ आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तिच्याकडे तीन लाखांच्या आसपास डिस्क आहेत आणि अलीकडच्या वर्षांत त्यातल्या साधारण दीड टक्के वर्षभरात बिघडतात. म्हणजे वर्षाला साडेचार हजार, दिवसाला बारा. हे एका मध्यम आकाराच्या कंपनीचं झालं. अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल यांच्याकडे डिस्कची संख्या याच्या कैक पटींनी आहे. आपण हे वाचतोय तेवढ्या वेळात जगात कितीतरी डिस्क मेल्या असतील, आणि त्यावर ज्यांचे फोटो होते त्यांना त्याचा पत्ताही लागलेला नसेल.

पत्ता लागत नाही याचं श्रेय गणिताचं आहे. १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला: एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र बांधा, त्यांच्यात थोडी जास्तीची माहिती ठेवा, म्हणजे एक गेली तरी काम अडणार नाही. २००३ मध्ये गुगलने आपल्या फाइल सिस्टिमची रचना जाहीर केली. तिच्यात ६४ मेगाबाइटचा एकेक तुकडा आणि प्रत्येक तुकड्याच्या वेगवेगळ्या यंत्रांवर तीन प्रती. यंत्रं साधीच घ्यायची, ती बिघडणार हे धरून चालायचं आणि बिघडली की सॉफ्टवेअरने आपली आपण नवी प्रत करून घ्यायची. आजचा क्लाउड या विचारावर उभा आहे.

पण तीन प्रती म्हणजे तिप्पट डिस्क, तिप्पट जागा, तिप्पट वीज. त्यावरचा उपाय १९६० सालीच कागदावर उतरलेला होता. अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी पाच पानांचा एक निबंध लिहिला होता. त्यातली कल्पना शाळेतल्या आलेखाच्या कागदावर समजते. समजा मला दोन आकडे जपायचे आहेत. ते दोन बिंदू म्हणून मांडले आणि पट्टीने त्यांच्यातून रेघ ओढली. आता त्याच रेघेवरचे आणखी तीन बिंदू मोजून लिहून ठेवले. पाचांपैकी कुठलेही तीन हरवू देत. उरलेल्या दोनांतून तीच रेघ परत ओढता येते, आणि रेघ मिळाली की मूळचे आकडे मिळाले. सरळ रेघेच्या जागी वक्र घेतला की दोनाऐवजी कितीही आकडे असेच जपता येतात. बॅकब्लेझच्या मूळ रचनेत फाइलचे १७ तुकडे करून त्यावरून आणखी ३ काढतात आणि ते २० तुकडे २० वेगळ्या यंत्रांवर ठेवतात. कुठलीही तीन यंत्रं एकदम गेली तरी फाइल शाबूत राहते. जागा लागते ती मूळच्या सव्वापटीहूनही कमी. सीडीवर ओरखडा आला तरी गाणं न अडखळता वाजायचं, तेही या दोघांच्याच गणितामुळे.

सगळ्यात घातक डिस्क मात्र मेलेली नसते. जी चालू आहे आणि चुकीचं सांगते, ती घातक. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख ३० हजार डिस्कवर ४१ महिने नजर ठेवली होती. त्यात चार लाखांहून जास्त वेळा असं आढळलं, की डिस्कने वाचून दिलेला मजकूर लिहिताना घेतलेल्या खुणेशी जुळत नाही. डिस्कची स्वतःची तक्रार काहीच नव्हती. म्हणून मोठ्या साठ्यांमध्ये प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली अशी खूण, ठेवतात, आणि कुणी मागो न मागो, सगळा साठा सतत वाचून ताडून पाहतात. चुकलेला तुकडा दिसला की चांगल्या तुकड्यांवरून तो दुरुस्त करतात. या कामाला स्क्रबिंग म्हणतात. मराठी वाचकाला याची ओळख वेगळी करून द्यायला नको. ज्ञानेश्वरी हातोहात नकलून घेतली गेली म्हणून टिकली, आणि नकला होता होता तिच्यात अपपाठ शिरले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती जमवून पाठ ताडले आणि ग्रंथ शुद्ध केला. नक्कल करत राहणं आणि नकला ताडत राहणं, दोन्ही लागतं. डेटा सेंटरमध्ये हे ताडणं दिवसरात्र चालू असतं.

*

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला एकेकाळी रसायनांचे आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने होते. आज ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात बिनखिडक्यांच्या उंच इमारती दिसतात. गच्चीवर कूलिंगची यंत्रं, मागच्या बाजूला डिझेल जनरेटरची रांग. एमआयडीसीची जमीन, वीज आणि पाणी आयतं होतं. खाडीपलीकडे मुंबईत बँका आणि शेअर बाजार. भारतात येणाऱ्या समुद्राखालच्या केबलपैकी बऱ्याचशा मुंबईच्या किनाऱ्यावर, त्यातही वर्सोव्याच्या आसपास जमिनीवर येतात. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे क्लाउडची केंद्रं सुरू केली, २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईत, २०१७ मध्ये गुगलने. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची सगळी माहिती देशातच साठवण्याचा आदेश काढला आणि जागेची मागणी एकदम वाढली. २०२० मध्ये पनवेलला योट्टाची ७,२०० रॅकची इमारत उभी राहिली. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास आज मुंबई महानगर प्रदेशात आहे.

या पट्ट्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये मला आत जाता आलं. कुणाचंही नाव छापायचं नाही या अटीवर. फोन बाहेर ठेवला, दोन दारांमधल्या चौकटीत एकेकट्याने उभं राहिलो, मग आत. पहिल्यांदा जाणवतो तो आवाज. हजारो छोट्या पंख्यांचा मिळून एकच सूर. शेजारच्या माणसाशी कानाजवळ जाऊन बोलावं लागतं, तिथे काम करणारे कानात बोळे घालतात. रॅकची तोंडं समोरासमोर असलेल्या गल्लीत गार हवा सोडतात, पाठी असलेल्या गल्लीत गरम हवा निघते. दोन गल्ल्यांमध्ये काही पावलांचं अंतर, पण गारठ्यातून उन्हात आल्यासारखं वाटतं.

रात्रपाळीचा तंत्रज्ञ साताऱ्याकडचा होता, पंचविशीतला. त्याच्या टॅबवर टिकिट आलं होतं: अमुक रॅक, अमुक पेटी, अमुक खाच. त्याने रॅकमधली पेटी खणासारखी बाहेर ओढली. आत डिस्क उभ्या, ओळीने खोचलेल्या. एकीच्या जवळ पिवळा दिवा लुकलुकत होता. त्याने खाचेचा नंबर वाचला, टॅबवरचा वाचला, परत खाचेचा वाचला. मग डिस्कवरचा बारकोड स्कॅन केला. “चुकून शेजारची ओढली तर एकाच्या दोन होतात,” त्याने सांगितलं. कडी उचलून डिस्क बोटभर बाहेर घेतली आणि तशीच धरून थांबला, आतल्या तबकड्या फिरायच्या थांबेपर्यंत. मग पूर्ण काढून नवी बसवली. दिवा हिरवा झाला. पेटी बंद करण्याआधी त्याने केबलवरून हात फिरवून बघितलं, कुठे दाब पडत नाही ना. यात दहा मिनिटंही गेली नसतील. तेवढ्यात त्या मेलेल्या डिस्कवरचे तुकडे बाकीच्या यंत्रांनी पुन्हा तयार करायला घेतलेले होते.

“ही कुणाची होती?” मी विचारलं.

“माहीत नाही सर. माहीत असायला नकोच.”

जुनी डिस्क कुलूपबंद डब्यात गेली. ती इमारतीबाहेर अखंड जात नाही, आवारातच तिचा चुरा करतात. पाच-सहा वर्षं झाली की चांगल्या डिस्कही याच वाटेने जातात. त्याआधी त्यांच्यावरचं सगळं नव्या डिस्कवर गेलेलं असतं. दहा वर्षांपूर्वी ठेवलेला एखादा फोटो आज त्याच डिस्कवर असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

विजेबद्दल थोडक्यात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. डेटा सेंटरची रचना अशा सकाळसाठीच केलेली असते. वीज गेल्याक्षणी बॅटऱ्या भार उचलतात आणि काही सेकंदांत डिझेल जनरेटर चालू होऊन तो आपल्याकडे घेतात. ही तयारी चोख असते. पण रोजच्या दिवशी या इमारती किती वीज आणि किती पाणी घेतात, याचा इमारतवार आकडा नागरिकांसमोर नियमितपणे यायला हवा. रस्त्यापलीकडच्या वस्तीत टँकर येत असेल तर तिथल्या माणसाला हे विचारायचा हक्क आहे.

*

डिस्क इतकी नाजूक असते की नुसता आवाजही तिला पुरतो. २००८ मध्ये ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डिस्कच्या पेटीसमोर उभं राहून जोरात ओरडून दाखवलं, आणि पडद्यावर त्या डिस्कचा वेग तेवढ्या क्षणापुरता ढासळलेला दिसला. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी चालू होती. नळ्यांतून सुटलेल्या गॅसचा आवाज इतका प्रचंड झाला की डझनावारी डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे व्यवहार सुमारे दहा तास बंद राहिले.

आणि या डिस्क तयार करणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. त्याचा अर्थ २०११ च्या ऑक्टोबरमध्ये कळला होता. थायलंडमध्ये महापूर आला, वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्याखाली गेला, डिस्कच्या मोटर बनवणारेही बुडाले. जगभर डिस्कच्या किमती दुप्पट-तिप्पट झाल्या. बॅकब्लेझच्या लोकांनी घरच्यांना, मित्रमंडळींना कामाला लावलं. दुकानादुकानांतून मिळतील तितक्या घरगुती, बाहेरून जोडायच्या डिस्क विकत आणल्या, प्लास्टिकची खोकी फोडून आतल्या डिस्क काढल्या आणि रॅकमध्ये बसवल्या. काही दुकानांनी त्यांना पुढे विक्री करायचं नाकारलं. साठवण थांबवता येत नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल? रोज नवा मजकूर येतो आणि रोज बारा डिस्क मरतात, मग कारखाना बुडालेला असो की नसो. २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी खरेदीचा सपाटा सुरू झाल्यावर मोठ्या डिस्कसाठी पुन्हा थांबावं लागतंय.

अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण १४ मार्च २००६ ला सुरू झाली. तिच्या टिकाऊपणाचा आकडा असा सांगतात: ९९ टक्के आणि दशांश चिन्हापुढे नऊ वेळा नऊ. तिथे एक कोटी फाइली ठेवल्या तर दहा हजार वर्षांत सरासरी एक जाईल. डिस्क, यंत्रं आणि त्यांच्यावरचं गणित यांच्यापुरता हा आकडा मी मानतो. पण हा हिशोब बिघाडाचा आहे. माणसाने स्वतः पुसलेली फाइल, थकलेलं बिल, चोरलेला पासवर्ड, घाईत दिलेली आज्ञा यांचा त्यात समावेश नाही. २८ फेब्रुवारी २०१७ ला याच सेवेच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात एका आज्ञेतला एक तपशील चुकीचा टाइप झाला, ठरल्यापेक्षा पुष्कळ जास्त सर्व्हर बंद झाले आणि अर्धं इंटरनेट काही तास अडखळलं. मजकूर शाबूत होता, मिळत नव्हता. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीची पाच मजली इमारत जळून खाक झाली, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. त्यांचं दोन्ही गेलं.

म्हणून जुनी चुंबकीय टेप अजून वापरात आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलच्या साठवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला आणि हजारो लोकांची जीमेलची खाती रिकामी दिसू लागली. वेगवेगळ्या केंद्रांत ठेवलेल्या प्रतींनाही तोच दोष लागला होता, कारण सगळीकडे तेच सॉफ्टवेअर. पत्रं परत आली ती टेपवरून. टेप फडताळात पडून असते, तिला वायर जोडलेली नसते, त्यामुळे सॉफ्टवेअरची चूक किंवा खंडणीखोराचा व्हायरस तिच्यापर्यंत पोचत नाही. एलटीओ-नऊ जातीच्या एका टेपवर १८ टेराबाइट मावतात.

*

पुण्याला हा विषय नवा नाही. व्हेरिटाससारख्या साठवणीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्यांची मोठी केंद्रं तिथे होती आणि त्यांतून एक पिढी घडली. तिच्यातल्या तिघांनी, जसप्रीत सिंग, मिलिंद बोरटे आणि रमणी कोथंडरामन यांनी, २००८ मध्ये पुण्यात ड्रुवा ही बॅकअपची कंपनी काढली. आज जगभरच्या संस्थांचे बॅकअप ती क्लाउडवर ठेवते. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे आहे, त्याची किंमत जाणणारी माणसंही आहेत.

आपल्या संस्थांपर्यंत मात्र ते पोचलेलं नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, पाच जणांचे जीव गेले आणि वरच्या मजल्यांवरच्या फायलींचे ढीग जळाले. ज्या विभागांचे कागद आधी स्कॅन झाले होते, ते वाचले. त्याआधी ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा ज्याची दुसरी प्रत नाही अशा गोष्टींचं काय होतं ते आपण पाहिलंच होतं. पुढच्या काळात गावोगावच्या ग्रंथालयांनी, इतिहास मंडळांनी, खाजगी संग्राहकांनी पोथ्या, मासिकं, बखरी, दप्तरं स्कॅन करून घेतली. फार मोलाचं काम झालं. पण मी पाहिलेल्या कितीतरी ठिकाणी ते स्कॅन एका घरगुती डिस्कवर आहेत, ती डिस्क मूळ पोथ्यांच्याच कपाटात आहे आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात स्कॅनिंग होतं, पुढची डिस्क नव्हती.

दहा टेराबाइटच्या संग्रहाला काय लागतं? सारख्या तीन प्रती. एक संस्थेत, एक दुसऱ्या गावात, एक क्लाउडवर किंवा टेपवर. प्रत्येक फाइलची चेकसम, ती काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वर्षातून एकदा सगळं वाचून ताडणं. पाच वर्षांनी नवी डिस्क, जुनी चालू असली तरी. आणि दरवर्षी काही फाइली बॅकअपमधून प्रत्यक्ष परत काढून, उघडून पाहणं. नेमकं हेच काम सगळ्यात जास्त राहून जातं. देजॉनला निदान बॅकअप नाही हे माहीत होतं. बॅकअप आहे असं समजून चाललेल्या संस्था अनेक आहेत. अनुदान देणाऱ्या सरकारी खात्याने स्कॅनिंगच्या रकमेबरोबर पुढच्या दहा वर्षांच्या डिस्कची रक्कम बांधून द्यावी. संस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंदानंतरचा विषय हा असावा: प्रती किती, कुठे, शेवटची परत काढून कधी पाहिली, आणि कुणी. तारीख आणि सही इतिवृत्तात लिहिली जावी.